पणजीचे माहेर

मराठी कुटुंबाची वंशावळ मांडावयास बसले की पुरुषांची नावे सहा-सात पिढ्यांपर्यंत फारशी अडचण न येता मिळतात. स्त्रियांची नावे मात्र तिसऱ्या पिढीतच अडखळू लागतात. याचे कारण केवळ उपेक्षा हे नव्हे. आपली नामपद्धतीच तशी आहे. लग्नात मुलीचे आडनाव बदलते, वडिलांच्या नावाच्या जागी पतीचे नाव येते, आणि पूर्वी बहुतेक घरांत तांदळांच्या ताटात नवे नाव लिहून तिचे पाळण्यातले नावही मागे टाकले जाई. ओळखीच्या तिन्ही खुणा एकाच दिवशी पुसल्या जात. शंभर वर्षांनंतर तिचा शोध घेऊ पाहणाऱ्याच्या हाती सासरचे एक नाव उरते, आणि त्या नावाच्या स्त्रिया त्या काळी गल्लोगल्ली असत.

माझ्या आईच्या आईची आई, म्हणजे माझी पणजी, ही अशीच एक स्त्री. सिन्नरच्या घरात ती सून म्हणून आली त्यापूर्वीचे तिचे आयुष्य घराण्याच्या स्मृतीत एका वाक्यापुरते होते : छप्पनच्या दुष्काळात ती खानदेशातून नाशिकला आली आणि तिच्या मावशीने तिला वाढवले. छप्पनचा दुष्काळ म्हणजे विक्रम संवत १९५६ मधला, इसवी सन १८९९-१९०० चा. मावशीचे घर पंचवटीत होते. त्या घरातूनच पणजीचे लग्न झाले. आईचे बालपण या आजीच्या मांडीवर गेले असल्याने तिची बोलण्याची ढब, तिचे सोवळेओवळे, तिच्या हातची कळण्याची भाकरी असे पुष्कळ काही आईला आठवते. परंतु आजीच्या आईवडिलांचा विषय घरात कधी निघाल्याचे तिला आठवत नाही.

भाषेच्या अभ्यासकाला या एका वाक्यातील ‘मावशी’ हा शब्द खटकल्यावाचून राहत नाही. संस्कृत ‘मातृष्वसा’पासून प्राकृतातून उतरलेला हा शब्द, हिंदीतील ‘मौसी’ आणि बंगालीतील ‘मासी’ ही त्याचीच भावंडे. व्युत्पत्ती आईच्या बहिणीपलीकडे जात नाही. व्यवहार मात्र कितीतरी पुढे जातो. आईची चुलतबहीण ही मावशी, आईची मैत्रीण ही मावशी, आणि भिंतीपलीकडची शेजारीणही मावशीच. मग पंचवटीतली ती मावशी यांपैकी कोणती होती?

हा प्रश्न मी मोठ्या मामांजवळ काढला तेव्हा ते म्हणाले, “तपासून काय मिळवणार आहेस तू?” त्यांच्या बोलण्यातला रोख मला कळत होता. मावशी सख्खी नसेल तर मग ती मुलगी कोणाची, असा प्रश्न उभा राहतो. आणि आपल्याकडे ‘कोणाची’ या प्रश्नाचा अर्थ बहुधा ‘कोणत्या जातीची’ असाच घेतला जातो. सव्वाशे वर्षे शांत पडून राहिलेली गोष्ट उकरण्यात मामांना धोका दिसत होता. आईला तो दिसत नव्हता. “माझी आजी होती ती, मला कळायला हवं,” एवढेच ती म्हणाली, आणि तिच्या त्या होकारावर पुढचे सारे काम झाले.

ऐतिहासिक भाषाविज्ञानात पुनर्रचना नावाची एक पद्धती शिकविली जाते. भगिनीभाषांमधील सजातीय शब्द समोरासमोर ठेवून ज्या पूर्वरूपाचा लेखी पुरावा कोठेच नाही ते रूप अनुमानाने सिद्ध करावयाचे, आणि ते अनुमानित आहे हे वाचकाच्या ध्यानात राहावे म्हणून त्याच्या डोक्यावर तारकाचिन्ह द्यावयाचे. शिलालेखात वा पोथीत सापडलेल्या रूपाला ते चिन्ह नसते. कुटुंबाच्या पुनर्रचनेतही साक्षीपुरावे असेच दोन प्रकारचे आहेत. जुनी दप्तरे म्हणजे शिलालेख. आणि आज हयात असलेल्या माणसांच्या डीएनएची तुलना म्हणजे सजातीय शब्दांची तुलना.

नाशिककरांना दप्तराचा शोध फार दूर जाऊन घ्यावा लागत नाही. रामकुंडाच्या परिसरातील तीर्थोपाध्यायांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्यांच्या वह्या आहेत, त्र्यंबकेश्वरीही आहेत. उत्तरेत हरिद्वारच्या पंड्यांकडे अशाच बह्या असून अमेरिकेतील यूटा येथील वंशावळी-संस्थेने त्यांपैकी अनेकांचे सूक्ष्मचित्रण करून ठेवले आहे. अस्थिविसर्जनासाठी, श्राद्धासाठी किंवा यात्रेसाठी यजमान आला की उपाध्ये आपली वही उघडतात. गाव, आडनाव, वडील, आजोबा, भाऊ, मुले अशी नावे लिहिली जातात आणि खाली यजमानाची स्वतःच्या अक्षरातील सही घेतली जाते. यामागे वंशेतिहासाची आस्था असते असे मानण्याचे कारण नाही. अमुक घराणे अमुक उपाध्यांचे यजमान, हा हक्क शाबीत करणारा तो कागद आहे. पण हक्कासाठी ठेवलेला कागद काळजीपूर्वक ठेवला जातो, आणि वारसाहक्काच्या वादांत न्यायालयांपुढेही अशा वह्या पुराव्यादाखल मांडल्या गेल्या आहेत.

जुन्या नोंदी मोडीत आहेत. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नाही, शब्द तोडून लिहिले जात नाहीत, आणि लेखणी न उचलता अक्षराला अक्षर जोडत जाण्याच्या ओघात प्रत्येक हाताची आपली अशी वळणे तयार होतात. त्यामुळे स्त्रियांची नावे वाचताना विशेष जपावे लागते. आडनावावरून अंदाज बांधावा तर तेच ठाऊक नसते. अलीकडे मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली ती कुणबी नोंदींच्या शोधामुळे. २०२३ साली शासनाने न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली आणि जन्ममृत्यूची गावदप्तरे, शाळांची रजिस्टरे यांवरची धूळ झटकली गेली. एरवी कोणी ढुंकूनही न पाहिलेल्या कागदाला माणसाचे भवितव्य बांधलेले असते, हे त्या निमित्ताने सर्वांनाच कळले.

आमच्या उपाध्यांच्या वहीत पणजोबांची शके १८५३ ची, म्हणजे १९३१ सालची, नोंद मिळाली. पितृपक्षात महालयासाठी ते नाशिकला आले होते. महालय हा विधी वंशावळीच्या अभ्यासकाने एकदा तरी लक्षपूर्वक ऐकावा. त्यात पित्याकडच्या तीन पिढ्यांबरोबर आई, आजी आणि पणजी यांचा उच्चार होतो. आईच्या वडिलांकडील तीन पुरुष आणि त्यांच्या तीन स्त्रियाही येतात. पुढे चुलते, मामा, आत्या, मावशी, बहीण, सासरे, गुरू, शिष्य, आप्त अशी यादी चालत राहते. सातबाऱ्यावर जिचे नाव कधी चढले नाही अशी स्त्री वर्षातून एकदा तरी या यादीत उच्चारली जाते. पणजोबांनी ती नावे वहीत उतरवून ठेवली होती. गृहस्थ मोठे काटेकोर दिसतात. ‘चुलत चुलते’, ‘मावस बहीण’, ‘सावत्र मामा’ अशी प्रत्येक नात्याची पायरी त्यांनी स्वच्छ लिहिली आहे. मात्र पंचवटीतल्या त्या मावशीपुढे, तिचे नाव, पतीचे नाव आणि आडनाव देऊन, त्यांनी एकच शब्द लिहिला आहे : सासू.

मराठीत ‘मावससासू’ हा शब्द आहे. काटेकोर माणसाने तो लिहिला नाही. ही चूक नव्हे एवढे खरे. पण ते अंतःकरणाचे औदार्य होते की प्रश्न टाळण्याची युक्ती, हे वही सांगू शकत नाही.

वहीने एक गोष्ट मात्र केली. मावशीच्या सासरचे आडनाव मिळताच त्या घराण्याचे उपाध्ये सापडले, त्यांच्या वहीत नंतरच्या नोंदी मिळाल्या, आणि नोंदींतील पत्त्यांच्या आधाराने मावशीची तीन पणतवंडे भेटली. एक बाई पुण्यात असतात, दोघे भाऊ नाशिकरोडला. पुण्याच्या बाई मावशीच्या मुलीच्या मुलीची मुलगी, म्हणजे अखंड स्त्रीवंशातल्या. हे आमचे भाग्यच. तिघांनीही, काय शोधत आहोत आणि त्यातून काय निघू शकेल हे समजून घेऊन, नळीत लाळ देण्याचे मान्य केले. आमच्याकडून आई होती. आणि, आश्चर्य म्हणजे, मामाही तयार झाले.

येथे थोडे गणित सांगणे आवश्यक आहे. प्रत्येक व्यक्तीला निम्मा डीएनए आईकडून व निम्मा वडिलांकडून मिळतो. सख्ख्या चुलत-मावस भावंडांत सरासरी साडेबारा टक्के अंश समान असतो. त्यांची मुले परस्परांशी ताडली तर तो तीन टक्क्यांवर येतो आणि नातवंडांमध्ये एक टक्क्याच्याही खाली. पणजीची आई आणि मावशी या सख्ख्या बहिणी असत्या तर माझी आई आणि ती पणतवंडे या तिसऱ्या पायरीवर बसली असती. या पायरीवरच्या जोड्यांपैकी दहातील एखादीत एकही समान तुकडा सापडत नाही. म्हणून एकाच जोडीवर विसंबून चालत नाही. आमच्याकडे दोन आणि तीन मिळून सहा जोड्या होत्या. याखेरीज पेशीतील मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए आईकडून अपत्याकडे जवळजवळ जसाच्या तसा उतरतो. पुण्याच्या बाईंचा आणि माझ्या आईचा तो जुळला असता तर सख्खेपण सिद्ध झाले नसते, कारण असंख्य कुटुंबांत तो सारखा असू शकतो. पण तो जुळला नाही तर सख्खेपण संपलेच.

ही प्रमाणे मुख्यतः पाश्चात्त्य कुटुंबांवरून ठरलेली आहेत, हेही विसरून चालत नाही. शतकानुशतके जातीच्या आत विवाह करणाऱ्या समाजात दूरच्या माणसांतही लहान-लहान समान तुकडे विखुरलेले असतात. महाराष्ट्रात त्यावर मामाच्या मुलीशी होणाऱ्या विवाहाची भर. उत्तरेतील आणि दक्षिणेतील नातेव्यवस्थांच्या सीमेवर आपण आहोत हे इरावती कर्वे यांनी आपल्या नातेसंबंधविषयक अभ्यासात दाखविले. भाषेत तर याचा जिवंत पुरावा आहे. जुन्या घरांत सून सासऱ्यांना ‘मामंजी’ आणि सासूला ‘आत्याबाई’ म्हणे. मामा हाच सासरा आणि आत्या हीच सासू अशी ती व्यवस्था होती, आणि कन्नडमध्ये ‘अत्ते’ हा एकच शब्द आजही दोन्ही नात्यांना पुरतो. अशा घराण्यांत दोन माणसे दोन-दोन वाटांनी एकमेकांची नातलग असतात, आणि डीएनएचा आकडा नाते आहे त्याहून जवळचे दाखवतो. परदेशी तक्ता उघडून आपल्या आकड्यावर बोट ठेवणाऱ्याने आधी घरातल्या हाका ऐकाव्यात, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

निकाल सहा आठवड्यांनी आला. मायटोकॉन्ड्रियाचा वंशगट दोन्हीकडे वेगळा होता. सहा जोड्यांपैकी पाच पूर्णतः कोऱ्या निघाल्या. सहावीत, मामा आणि नाशिकरोडचे धाकटे बंधू यांच्यात, अकरा सेंटिमॉर्गनचा एक तुकडा समान होता. तिसऱ्या पायरीवर सरासरीने सत्तरच्या आसपास अपेक्षा असते. ती सख्खी मावशी नव्हती.

मामांनी तो अकराचा आकडा मात्र सोडला नाही. “म्हणजे आपल्यातलीच होती,” असे ते चहा घेताना म्हणाले, आणि मग बराच वेळ कोणी काही बोलले नाही. एवढा लहान तुकडा योगायोगानेही जुळलेला असू शकतो; तो काहीच सिद्ध करीत नाही हे मी त्यांना सांगितले. ‘आपल्यातली’ आहे का हा प्रश्न मी प्रयोगशाळेला विचारला नव्हता आणि विचारणारही नाही. एखाद्या समूहाशी असलेली जवळीक आकड्यांत मांडता येते. जात मात्र रक्तात नसते, ती कोणाचे लग्न कोणाशी होऊ द्यायचे या निर्णयात असते.

या शास्त्राचा अधिक योग्य उपयोग कोकणातील बेने इस्रायल समाजाच्या बाबतीत पाहावयास मिळतो. नवगावच्या किनाऱ्याशी जहाज फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, त्यांच्यापासून आपण झालो, अशी या मराठीभाषक ज्यूंची परंपरा सांगते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात ज्यू आणि भारतीय असे दोन्ही वारसे त्यांच्यात आढळले. ज्यू अंश मुख्यतः पुरुषांकडून आणि भारतीय अंश मुख्यतः स्त्रियांकडून आलेला दिसला, आणि हा संकर सुमारे १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीचा ठरला. परदेशातून आलेल्या पूर्वजांची आठवण खरी ठरली. त्यांच्याशी संसार मांडणाऱ्या कोकणातल्या स्त्रिया मात्र कथेत कोठेच नाहीत. त्या त्यांच्या लेकींच्या पेशींत राहिल्या.

आमच्या पणजीची गोष्ट याच्या उलट. तिला जन्म देणारी स्त्री पेशीत आहे, माझ्याही आहे, पण तिला नाव नाही. तिच्याविषयी काही कळण्याची जी एक वाट उरली होती ती माझ्या व्यवसायातली होती. आजी कशी बोलत असे हे मी आईला पुनःपुन्हा विचारले, आणि आई जसजशी आठवू लागली तसतसे वहीत शब्द जमू लागले. रागावली की ती मुलींना ‘आंडेर’ म्हणे. सगळे या अर्थी तिच्या तोंडी ‘बठ्ठं’ येई. आणि झोपेत, किंवा शेवटच्या आजारात ग्लानीत असताना, ‘मला’ऐवजी ती ‘माले’ म्हणत असे. ही अहिराणी. ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणात जिला ‘खानदेशी’ म्हणून स्वतंत्र स्थान मिळाले ती बोली. धुळे, जळगाव, नंदुरबारकडे ती आहेच, शिवाय नाशिक जिल्ह्यातील मालेगाव, सटाणा, कळवण या बाजूलाही आहे. तेव्हा ‘खानदेशातून आली’ हे घरातले वाक्य, शब्दशः नसले तरी, दिशेपुरते विश्वसनीय ठरते.

‘आंडेर’सारखा सुटा शब्द कोणाकडूनही उचलता येतो. विभक्तीप्रत्ययाचे तसे नाही. ‘ले’ हा प्रत्यय पन्नास-साठ वर्षे नाशिककडच्या बोलीत वावरूनही जिच्या ग्लानीत टिकून राहतो, तिने तो वाक्यरचना पक्की झाल्यानंतरच मागे सोडलेला असणार. दीड-दोन वर्षांचे मूल पहिली भाषा सहज विसरते. माझ्या अंदाजाने नाशिकला आली तेव्हा पणजी निदान सहा-सात वर्षांची असावी. म्हणजे तिला आई आठवत होती. माहेरचे नाव, गावाचे नाव, वाट, सारे तिला ठाऊक असले पाहिजे. तिने ते कोणाला सांगितले नाही, किंवा कोणी विचारले नाही.

हे मी आईला सांगितले तेव्हा ती सख्खेपणाविषयी काहीच बोलली नाही. तिने वेगळेच विचारले : “मग त्या बाईनं तिला घेतली का?” मावशी सख्खी असती तर हा प्रश्न उद्भवला नसता, बहिणीची पोर कोणीही घेईल. त्या वर्षी स्वतःच्या घरातही धान्य मोजून खावे लागत असताना परक्याची मुलगी ठेवून घेणे, पुढे तिचे लग्न करून देणे आणि जावयाने आपल्याला सासू म्हणावे इतके ते नाते निभावणे, याला काही कारण असलेच पाहिजे. पुण्याच्या बाईंनी आपल्या आजीकडून ऐकलेली एक गोष्ट सांगितली : त्या वर्षी मावशीची स्वतःची एक मुलगी गेली होती. तिचे वय त्यांना ठाऊक नव्हते.

अनाथ मुले नाशिकला नवी नव्हती. शरणपूरला मिशनऱ्यांनी गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली आफ्रिकी मुले वाढवली होती. लिव्हिंगस्टनचे शव किनाऱ्यापर्यंत पोहोचविणाऱ्यांतला जेकब वेनराइट शरणपूरच्याच शाळेतला. पंडिता रमाबाईंनी याच दुष्काळांतील शेकडो मुली केडगावला नेल्या. अशा मुलांची निदान नोंदवह्यांत नावे तरी आहेत. जी मुले कोणाच्या तरी माजघरात शिरली आणि घरचीच झाली, त्यांची मोजदाद कोणी ठेवलेली नाही.

गेल्या भाद्रपदात मामांनी महालय केला. आजीच्या आईवडिलांचा उच्चार करावयाचा तर गोत्र हवे, असे गुरुजी म्हणाले, आणि ठाऊक नाही म्हटल्यावर त्यांनी क्षणही न घालवता ‘काश्यप’ म्हटले. गोत्र अज्ञात असल्यास काश्यप म्हणावे असा संकेत आहे. आमच्या शास्त्रातले तारकाचिन्ह त्यांच्या शास्त्रात अशा रूपाने आधीपासून होते. मग पंचवटीतल्या मावशीची पाळी आली. ‘मातृभगिनी’ म्हणावयाचे की ‘आप्त’, असे गुरुजींनी विचारले. ‘आप्त’ म्हणजे नातलग, आणि ज्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा तोही आप्तच. मी मामांकडे पाहिले. मामा काही वेळ दर्भ बोटात फिरवीत बसले आणि मग म्हणाले, “पणजीच म्हणा, गुरुजी. आईची आजी.”

विधी आटोपल्यावर उपाध्यांनी वही पुढे केली. मामांनी सही केली आणि लेखणी आईच्या हातात दिली. वहीत स्त्रीची सही असावी की नसावी याविषयी उपाध्ये काही बोलले नाहीत. आईने आधी आजीचे सासरचे नाव लिहिले, नंतर ‘माहेर’ असा शब्द लिहून त्यापुढे पंचवटीतल्या घराचे आडनाव लिहिले, आणि तिच्या खालची एक ओळ रिकामी ठेवली.